रविवारी भरलेले मन मंगळवारी रिकामे का होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका कारखान्यात नोकरी, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. रविवारी उपासनेत मन भरून येते, पण मंगळवार उजाडेपर्यंत त्यातले काही हाती लागत नाही. प्रार्थनेला बसले की घराचा हप्ता आणि लाइनवरचे रिजेक्शन आठवते, नाहीतर डुलकी लागते. आई दीड वर्ष अंथरुणावर आहे, चर्चची सगळी मंडळी प्रार्थना करते आहे, आणि फरक दिसत नाही. ‘माझा विश्वास आटत चालला आहे का? देवाकडे लक्ष टिकवायचे तरी कसे?’

जय ख्रिस्त. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. ज्याचा विश्वास आटतो त्याला तो आटल्याची काळजी लागत नाही. तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टींची गुंतवळ झाली आहे. एक भावना, जी रविवारी येते आणि जाते. दुसरी लक्ष, जे कुणाचेच एका जागी थांबत नाही. तिसरी आशा, जी आईच्या आजाराशी बांधली गेली आहे. तिन्हींवर औषध वेगळे आहे. एकीचे दुसरीला दिले की गुण येत नाही आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

रविवारचे पाहा. तिथे ठरलेली वेळ आहे, ठरलेली जागा आहे, शेजारी गाणारी माणसे आहेत, पेटी-तबला आहे, आणि मुख्य म्हणजे शब्द तयार आहेत. तुम्हाला फक्त त्यात तोंड मिळवायचे असते. मंगळवारी यातले एकही नसते. वेळ नाही, जागा नाही, आवाज नाही, आणि शब्द स्वतःचे स्वतः जुळवायचे, तेही थकलेल्या डोक्याने. मग मन रिकामे वाटले यात नवल काय? मनाचा दोष त्यात थोडाच आहे. बहुतेक दोष व्यवस्थेचा आहे, आणि व्यवस्था बदलता येते.

जुन्या विश्वासणाऱ्यांनी ती केली होती. दानीएल दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या खिडकीशी, गुडघे टेकत असे. प्रेषितांनंतरच्या पहिल्या पिढ्यांतील ‘डिडाखे’ नावाची छोटी पुस्तिका सांगते, येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ दिवसातून तीनदा म्हणा. आणि खुद्द प्रभू वधस्तंभावर होता तेव्हा त्याच्या तोंडी आले ते बायबलच्या स्तोत्रसंहितेतील २२व्या आणि ३१व्या स्तोत्राचे शब्द. वेदनेच्या टोकाला त्याने नवीन प्रार्थना रचली नाही. लहानपणापासून पाठ असलेली उच्चारली. मंगळवारसाठी हवे आहे ते हेच: ठरलेली जागा, थोडा वेळ, आणि आधीपासून तोंडात बसलेले शब्द.

शिफ्ट बदलणाऱ्या माणसाने घड्याळाशी प्रार्थना बांधू नये. ‘रोज पहाटे पाच’ हा नेम फर्स्ट शिफ्टला जमतो, सेकंडला ओढूनताणून होतो आणि नाइटला मोडतो. मोडला की वाटते आपण हरलो. त्याऐवजी रोज होणाऱ्याच तीन घटना धरा: उठणे, डबा उघडणे आणि आडवे होणे. नाइट शिफ्टला उठणे दुपारी होईल, होऊ द्या. स्तोत्राला घड्याळ कळत नाही.

उठल्यावरचा भाग सात मिनिटांचा ठेवा. मिनिटभर नुसते शांत बसा. मग एक स्तोत्र, ओठ हलवून, निदान स्वतःला ऐकू जाईल इतक्या आवाजात. मग प्रभूची प्रार्थना, प्रत्येक मागणीनंतर एक श्वास थांबून. नेहमीच्या वेगाने ती अर्ध्या मिनिटात संपते, अशी थांबत म्हटली की दीड मिनिट लागते, आणि ‘आमची रोजची भाकर’ या शब्दांपाशी आज काय हवे आहे ते आपोआप आठवते. उरलेल्या वेळात तीन-चार माणसांची नावे. नावेच, भाषण नको. आईचे नाव घेताना आजाराचा सगळा इतिहास देवाला सांगायची गरज नाही, त्याला तो ठाऊक आहे.

सातच मिनिटे का, अर्धा तास का नाही? कारण मापाचा नियम असा: तापाने फणफणलेल्या दिवशी किंवा डबल शिफ्ट करून आल्यावर जेवढे जमेल तेवढेच ‘रोजचे’ म्हणून ठरवायचे. ज्या दिवशी सवड आहे त्या दिवशी तासभर बसा, कोण अडवते? पण तो तास नेमात धरू नका. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत घेतलेले अर्ध्या तासाचे संकल्प बहुधा दुसऱ्या आठवड्यात कोसळतात. त्यात माणसाचा निश्चय कमी पडतो असे नाही. ठरवताना त्याने आपला सर्वांत चांगला दिवस मोजलेला असतो, आणि पाळायचे असते सर्वांत वाईट दिवशी.

मोबाइलबद्दल स्पष्टच बोलतो. सकाळचे वचन मोबाइलवर वाचायला घेतले की वचनाच्या आधी सतरा निरोप दिसतात, त्यात सुपरवायझरचा एक असतो, आणि सात मिनिटे गेली. छापील शास्त्र, म्हणजे बायबल, घ्या. रात्रीच उशाशी किंवा देवाच्या नावाने ठरवलेल्या खुर्चीवर ठेवा, खूण घालून, चष्मा त्याच्यावरच. गजरासाठी साधे घड्याळ आणा आणि चार्जर दुसऱ्या खोलीत न्या. फुलांच्या चित्रावरचे वचन चाळीस जणांना पुढे पाठवणे म्हणजे वचन वाचणे नव्हे, हेही जाता जाता सांगून ठेवतो. पाठवणाऱ्यानेही ते पुष्कळदा वाचलेले नसते.

आता वाचायचे काय? रोज एक स्तोत्र धरले तर १५० स्तोत्रांना पाच महिने. फक्त ११९वे स्तोत्र एका बैठकीचे नाही. त्याच्या १७६ ओव्या आहेत, पण त्या आठ-आठच्या २२ भागांत विभागलेल्या आहेत, म्हणून त्याला २२ दिवस द्या. एकूण १७१ दिवस, साडेपाच महिने. संपले की पुन्हा पहिल्यापासून. अँग्लिकन परंपरेत सगळी स्तोत्रे तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटून म्हणतात. सुंदर पद्धत आहे, पण कंपनीच्या बसमध्ये उभे राहून येणाऱ्याला ती झेपेल असे मला वाटत नाही. झोपण्यापूर्वी मार्कच्या शुभवर्तमानाचा अर्धा अध्याय. त्याचे १६ अध्याय आहेत, महिन्याभरात होते.

‘वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र’ या योजनेच्या वाटेला निदान पहिल्या वर्षी जाऊ नका. ६६ पुस्तकांचे ११८९ अध्याय होतात, म्हणजे रोज तीन ते चार. उत्पत्ती आणि निर्गम मिळून ९० अध्याय, म्हणजे जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात माणूस निवासमंडपाच्या मापांत आणि पडद्यांच्या आकड्यांत येऊन पोचतो, आणि महिनाअखेरीला लेवीय या पुढच्या पुस्तकातल्या होमार्पणांत अडकतो. दोन दिवस चुकले की सात-आठ अध्यायांची थकबाकी. तिथे पुस्तक मिटते आणि सोबत प्रार्थनाही बंद पडते, हे खरे नुकसान. म्हणून दुसरा नियम: चुकलेला दिवस भरून काढायचा नाही. खूण जिथे आहे तिथून पुढे. वचनाची उधारी नसते.

वाचलेल्यापैकी एक ओळ चिठ्ठीवर उतरवून शर्टाच्या खिशात किंवा डब्याच्या पिशवीत टाका. डबा उघडताना ती पुन्हा वाचा. दुपारची प्रार्थना एवढीच: ती ओळ, आणि अन्नाबद्दल आभार. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर हात जोडायला संकोच वाटत असेल तर डोळे उघडे ठेवून, घास घेण्यापूर्वी क्षणभर थांबा. शेजारच्याला कळणारही नाही.

शास्त्र कुठेही उघडून बोट पडेल ते आजचे वचन मानायची सवय मात्र सोडा. वर्षाच्या सुरुवातीला वचनाची चिठ्ठी उचलतात तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, लोकांना त्यातून धीर मिळतो. पण फार वेळा निघते ती यिर्मया २९:११, देवाचे संकल्प हिताचे आहेत आणि तो आशादायक भविष्य देणार आहे ती. ही ओवी भिंतीवर लावणाऱ्यांनी तिच्या आधीची ओवीही लावावी. २९:१० म्हणते, हे सत्तर वर्षांनंतर. ते पत्र बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना लिहिले होते, आणि त्यातल्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना सांगितले काय? घरे बांधा, बागा लावा, त्यांचे फळ खा, आणि ज्या परक्या शहरात राहता त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. आशा म्हणजे काय ते या चार आज्ञांत आहे. ती डोळे लावून बसत नाही. खोदायला कुदळ घेते. तुमच्या आईच्या गोष्टीकडे येताना हे लागेल.

आधी लक्षाचे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा एव्हाग्रियस नावाचा एक साधू लिहून गेला आहे की भर दुपारी संन्याशाला सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते, तो सारखा खिडकीकडे पाहतो, भाऊबंद आठवतात, ही जागा सोडून जावे वाटते. तिथे मोबाइल नव्हता, हप्ता नव्हता, पोरे नव्हती. तरी मन पळत होते. तेव्हा तुमचे पळते यात काही खास बिघाड नाही.

पळालेल्या मनाशी कुस्ती खेळू नका. हप्त्याचा विचार हाकलायला गेलात तर तोच वर येऊन बसतो. त्यालाच प्रार्थना करा: ‘प्रभू, हा हप्ता. पाच तारीख. मला भीती वाटते.’ झाले. आता तो विचार देवापुढे बसला आहे, तुमच्या आणि देवाच्या मध्ये नाही. गॅस बुक करायचा आहे, मुलाची फी भरायची आहे अशी कामे आठवली तर जवळ कागद-पेन्सिल ठेवा, दोन शब्द लिहा आणि परत या. डोक्याला भीती असते की आपण हे विसरू, म्हणून ते पुन्हा पुन्हा सांगते. लिहिले की गप्प बसते. झोप येत असेल तर उभे राहून म्हणा, किंवा गच्चीत चालत. गुडघ्यांवरच प्रार्थना होते असे कुठे लिहिलेले नाही. शास्त्रात माणसे उभी राहून, पालथी पडून, अंथरुणात, आणि माशाच्या पोटातही प्रार्थना करतात.

मशीन चालू असताना किंवा बसच्या रांगेत एक लहान प्रार्थना धरून ठेवा: ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर.’ यरीहोच्या रस्त्यावरच्या आंधळ्या बार्तीमयाची ही हाक आहे, आणि मंदिरात मान खाली घालून उभ्या जकातदाराचीही जवळजवळ हीच. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी ती श्वासाच्या लयीत शतकानुशतके जपली. शिफ्ट सुरू करताना दहा वेळा, जेवणाची सुट्टी संपताना दहा वेळा, पुरे. यंत्रावर किंवा गाडी चालवताना डोळे मिटायचे नाहीत, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

इथे आपल्याकडचे काही भाऊ-बहिणी विचारतील, हा जप झाला, आणि मत्तय ६:७ मध्ये प्रभूने बडबड करू नका म्हटले आहे. बरोबर. पण त्याच शुभवर्तमानात गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदा ‘तेच शब्द’ उच्चारून प्रार्थना केली असेही लिहिले आहे, आणि १३६व्या स्तोत्रात एकच पालुपद २६ वेळा येते. पुन्हा पुन्हा म्हणण्यात चूक नाही. आकडा वाढला की देव वश होतो असे मानण्यात आहे. दहाच्या जागी सहा झाले तर फरक पडत नाही, हे ज्याला मनापासून मान्य आहे त्याने खुशाल म्हणावे.

कामात देवाचे भान ठेवण्याविषयी ब्रदर लॉरेन्सचे नाव नेहमी घेतले जाते. सतराव्या शतकातला पॅरिसच्या कार्मेली मठातला स्वयंपाकी, पुढे तिथेच चपला दुरुस्त करणारा. भांडी घासताना त्याला देव जवळ वाटे, हे सगळे सांगतात. त्याची पहिली दहाएक वर्षे फार ओढाताणीत गेली हेही त्याने सांगून ठेवले आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. तेव्हा तुम्ही तीन आठवड्यांत निराश होऊ नका.

रात्रीचा भाग पाच मिनिटांचा, पलंगाच्या कडेवर बसून. आडवे होऊन केला तर दुसऱ्या मिनिटाला घोरणे. सोळाव्या शतकातल्या, जेझुइट संघाच्या संस्थापकाने, इग्नाती लोयोलाने आखलेला क्रम आजही चांगला चालतो: आभार, प्रकाश मागणे, दिवसावरून नजर फिरवणे, क्षमा मागणे, उद्याकडे पाहणे. बहुतेकांचे घोडे तिसऱ्यावर अडते. दिवसाची उजळणी म्हणजे पापांची वही असे धरले की माणूस चार दिवसांत कंटाळतो. म्हणून आभारावर जास्त वेळ द्या, आणि ते नेमके असू द्या. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ म्हणजे कशाबद्दलच नाही. ‘आज मित्राने शिफ्ट बदलून दिली’, ‘आईने दोन चमचे जास्त पेज घेतली’, असे. क्षमा मागतानाही एकच गोष्ट, नावासकट: कोणाशी, काय बोललो, उद्या काय करणार. रोज तीन आभार एका छोट्या वहीत तारखेसह लिहा. शमुवेलाने दगड उभा करून त्याला एबन-एजर म्हटले, येथवर परमेश्वराने साहाय्य केले म्हणून. तुमच्या घरात दगडाला जागा नसेल, वहीला आहे. महिन्याच्या शेवटी ती वाचा. आपण काय काय विसरलो होतो याचे आश्चर्य वाटेल.

आता आईचे.

‘विश्वास कमी पडतो म्हणून बरे वाटत नाही’ असे कुणी तुम्हाला म्हटले असेल, किंवा रात्री तुम्हीच स्वतःला म्हणत असाल, तर ते मनातून काढून टाका. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. मिळाली ती कृपा. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या वारंवारच्या दुखण्याला त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, त्याच्या विश्वासाची झडती घेतली नाही. प्रवासातला सोबती त्रफिम याला तो मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला, हे दुसऱ्या तीमथ्यात अर्ध्या ओळीत आले आहे, कुणाला दोष न देता. प्रार्थनेने बरे होणारे होतात, मी त्याला नाही म्हणत नाही. पण बरे न होणाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या विश्वासाचे माप काढणे हे शास्त्राला धरून नाही, आणि क्रूर आहे. आणि जो कुणी ‘प्रार्थना केली, आता गोळ्या बंद करा’ म्हणेल त्याला चहा पाजून निरोप द्या. गोळी चालू ठेवा.

मग प्रार्थना करायची कशी, दीड वर्षानंतर तेच तेच मागून जीभ जड झाल्यावर? विलाप करून. आपल्या उपासनेत स्तुतीची गीते भरपूर आहेत, विलाप जवळजवळ गायबच आहे, आणि ही मोठी उणीव आहे. स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. १३वे स्तोत्र काढा, सहाच ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा ‘कोठवर?’ हा सवाल आहे. मग एक मागणी, मग शेवटी भरवसा. रचना लक्षात घ्या: देवाला हाक, तक्रार, मागणी, भरवसा. चार वाक्ये. आपली स्वतःची लिहा. ‘परमेश्वरा, तू ऐकतोस. दीड वर्ष झाले, आईच्या पाठीला जखमा होताहेत आणि मी थकलो. आज रात्री तिला चार तास सलग झोप दे. तू तिला सोडणार नाहीस.’ तक्रार गाळून थेट भरवशावर उडी मारू नका. गिळलेली तक्रार पुढे देवाविषयीचा अबोला होऊन बाहेर येते, आणि त्यालाच लोक ‘विश्वास गेला’ म्हणतात. एखाद्या दिवशी चौथे वाक्य तोंडातून निघालेच नाही तरी चालेल. ८८वे स्तोत्र अंधारावर संपते, पुढे काही नाही, तरी ते शास्त्रात आहे.

मागणी लहान आणि आजची ठेवा, हे पुन्हा सांगतो. ‘आईला पूर्ण बरे कर’ ही मागणी सोडायची नाही, पण रोज तेवढीच असली तर रोज नकार मिळाल्यासारखे वाटते. झोप, वेदना कमी होणे, सलाईन लावताना शीर लगेच सापडणे, ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सबाईंचा हात हलका असणे. यांची उत्तरे दिसतात, वहीत जातात, आणि बाबेलमधल्या बागेसारखी आशेला माती मिळते.

सेवा करणाऱ्याच्या थकव्याविषयी एलीया संदेष्ट्याची हकिकत फार उपयोगी आहे, पहिले राजे, अध्याय १९. तो झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झाले, माझा प्राण घे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. देवाचा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटेनंतर येतो. तेव्हा आत्मिक कोरडेपणाचे निदान करण्याआधी पाहा: सहा तास झोप मिळते का, आठवड्यातून एक रात्र भाऊ किंवा बहीण आईजवळ थांबते का, तुम्ही वेळेवर जेवता का. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर ते डॉक्टरांचे काम आहे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आहे, मराठीतही बोलता येते. डॉक्टरकडे जाणे म्हणजे अविश्वास नव्हे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

झोप, जेवण सगळे ठीक असूनही देव दूर वाटतो असे काळ येतात. मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की त्यांनी कित्येक दशके असा अंधार सोसला, आणि रोजची प्रार्थना व काम चालूच ठेवले. अशा काळासाठी इग्नातीचा एक नियम सोन्यासारखा आहे: मन उदास असताना, मन प्रसन्न असताना घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मंडळी सोडणे, संगीतसेवा सोडणे, नेम मोडणे, हे नाइट शिफ्टच्या आठवड्यात ठरवू नका. फर्स्ट शिफ्टच्या शनिवारी पाहू.

घरच्या प्रार्थनेबद्दल थोडेसे. दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नका. एक गीत, आठ-दहा ओव्या, प्रत्येकाचे एकेक वाक्य, प्रभूची प्रार्थना. घरची प्रार्थना दोन गोष्टींनी मरते: वडिलांच्या प्रवचनाने आणि प्रार्थनेतून दिलेल्या टोमण्याने. ‘प्रभू, या मुलाला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइल सोडायची शक्ती दे’ असे मुलाच्या देखत म्हटले की मुलगा डोळे मिटून दात ओठ खातो. त्याला मोबाइलबद्दल बोलायचे ते ‘आमेन’नंतर, तोंडावर बोला. गीत मात्र गाळू नका. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नंतर अभंगांच्या वळणाची गीते लिहिली ती आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत. अशी दोन गीते सगळ्या कडव्यांसह पाठ करा. पुस्तक हाती नसताना, आयसीयूबाहेरच्या बाकावर, पाठ असलेलेच कामाला येते.

शिफ्टमुळे रविवार चुकत असेल तर आठवड्यातली एक घरसभा पक्की धरा, आणि प्रभुभोजनाचा रविवार मात्र सुट्टी बदलून घ्यावी लागली तरी गाठा. आखाती देशांत आपली माणसे वर्षानुवर्षे शुक्रवारी उपासनेला जमत आली, कारण सुट्टी त्या दिवशी. वार दुय्यम आहे, जमणे नाही. शिवाय एक माणूस असा शोधा, ज्याला आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे फोन करता येईल. दोनच प्रश्न: नेम कसा चालला, आणि कशाची भीती वाटते. दोनशे जणांचा प्रार्थना ग्रुप हे काम करत नाही. तिथे हात जोडल्याची चित्रे येतात. कॅथलिक वाचकांना यातले बरेच आयतेच मिळाले आहे. वसईकडच्या घरांत संध्याकाळची रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) हीच नेम टांगायची खुंटी आहे, तिला मार्कचा अर्धा अध्याय जोडला की झाले.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात जास्तीचे काही करावेसे वाटले तर एका वेळचे जेवण किंवा रात्री नऊनंतरचा मोबाइल सोडा, आणि वाचलेला पैसा किंवा वेळ नाव माहीत असलेल्या एखाद्या गरजूला द्या. भुकेल्याला भाकर वाटून देणे हाच खरा उपवास, हे यशया ५८ मध्ये वाचल्यावर याहून वेगळा उपवास करवत नाही. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून.

सुरुवात कुठून करायची असे विचाराल तर पहिल्या स्तोत्रापासून नको, १३व्यापासून करा. आणि आईजवळ बसण्याच्या वेळी तिच्यासाठी लांब प्रार्थना करण्याऐवजी २३वे स्तोत्र वाचा, जुन्या भाषांतरातले, ती शाळेत शिकली तेच. सहा ओव्या, दोन मिनिटे. तिचा हात हातात घ्या, हळू वाचा, ओवीच्या मध्याशी थोडे थांबा; तिच्याकडून पुढचे शब्द येतील, आवाज फुटला नाही तर ओठ हलतील. मध्येच तिला झोप लागली तर थांबू नका. उरलेले तिच्या कानाशी वाचून पूर्ण करा आणि मग दिवा मालवा.